डोंगरातला एक तेरडा कुठल्याच पुस्तकात बसत नाहीये, पुढे काय करायचं?

रानवाट:

नमस्कार मंडळी. मी बॉटनी शिकलेला नाही, डोंगर भटकायला आवडतात आणि दिसेल त्या फुलाचा फोटो काढायची सवय आहे. यंदा पावसाळ्यात बऱ्याच उंचीवर एका पाझरणाऱ्या कड्याला चिकटून वाढलेला तेरडा दिसला. बागेतला नव्हे, रानातला, पण तेरड्याच्याच जीनसमधला (जीनस म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) म्हणजे इम्पेशन्स ह्याबद्दल शंका नाही, कारण फुलाला मागे बाकदार शेपटी आहे आणि पिकल्या बोंडाला बोट लागताच ते फटकन फुटून बिया उडाल्या. पानं एखाददोनच, बुडाशी, खडकावर पसरलेली आणि फुलांचा दांडा थेट त्यांच्यातून वर आलेला. फूल फिकट गुलाबी, शेपटी फुलाच्या दुप्पट लांब आणि टोकाला दुभंगलेली. अशी शेपटी आणि अशी पानं एकत्र मला कुठेच सापडत नाहीयेत, हाताशी होती ती सगळी पुस्तकं चाळून झाली.

एका ग्रुपवर फोटो टाकले तर लगेच कोणीतरी "नवीन प्रजाती, अभिनंदन, तुमचंच नाव द्या" असं लिहिलं आणि दुसऱ्याने "कॉमन आहे" एवढंच लिहून नाव काही सांगितलं नाही. दोन्हीने समाधान झालं नाही. नवीन प्रजाती आहे हे ठरतं कसं, ठरवतं कोण, त्याला फोटो पुरतात का, आणि पुरत नसतील तर माझ्यासारख्याने काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही? घाई नाही, पण काम नीट व्हावं असं मनापासून वाटतं, कारण त्या एका कड्याशिवाय आसपास कुठेही ते झाड दिसलं नाही.

कडाकपारी:

फोटो झकास आहेत. माझ्या मते सरळ डीएनए करून घ्या, एक पान लॅबला दिलं की उत्तर मिळतं. पुस्तकं चाळण्यात वर्षं जातील.

खोडपान:

रानवाट, शेपटीचं टोक निरखून बघितलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक फूल समोरून टिपतात आणि तेरड्यात कामाचं जवळजवळ सगळं मागे आणि आत असतं.

डीएनएवर कोणी जाणकार बोलेलच, मी झाडाबद्दल बोलतो. पुस्तकात न बसणारं झाड नवीनच असतं असं नाही, बहुतेक वेळा नसतंच. बऱ्याचदा ते आधीच माहीत असलेलं निघतं, फक्त तुमच्या पुस्तकात नसतं, शेजारच्या डोंगररांगेच्या फ्लोरामध्ये, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या नोंदीच्या पुस्तकात असतं किंवा शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या जर्नलमध्ये चार ओळींचं वर्णन होऊन पडलेलं असतं. इम्पेशन्समध्ये हजाराहून जास्त प्रजाती आहेत, पुष्कळशा उष्ण प्रदेशातल्या डोंगरांतल्या आणि त्यातल्या कितीतरी एकेका डोंगरापुरत्या, त्यामुळे एका प्रदेशाचं एक पुस्तक ह्या जीनसला कधीच पुरत नाही. दुसरी शक्यता म्हणजे ओळखीच्याच प्रजातीचं वेगळं रूप. जांभळ्या फुलांच्या ताटव्यात एखादं पांढरं फूल दिसलं की लोक नवीन सापडलं म्हणून नाचतात, तो नुसता रंग गेलेला असतो. तिसरी शक्यता संकराची, दोन जवळच्या प्रजाती एकाच ओहोळाला वाढत असतील तर मधलंच काहीतरी निघतं, अशा झाडाचे पराग पुष्कळदा वांझ असतात त्यामुळे ते मायक्रोस्कोपखाली तपासायचे आणि बिया धरतायत का ते बघायचं. तुमच्या झाडाला बोंडं धरलीत आणि ती फुटतायत हे चांगलं लक्षण आहे, पण तेवढ्याने संकर नाहीच असं म्हणता येत नाही.

डोंगरात ह्या दुसऱ्या शक्यतेची जास्तच काळजी घ्यावी लागते कारण उंची झाडाचं रूप पार बदलून टाकते. कॅलिफोर्नियातल्या क्लॉसेन, केक आणि हायसी ह्या तिघा शास्त्रज्ञांनी एकेका झाडाचे तुकडे करून ते समुद्रसपाटीजवळ, साधारण १४०० मीटरवर आणि ३००० मीटरवर अशा तीन बागांत लावून पाहिले, १९४० मध्ये ते काम छापून आलं. वरच्या बागेत तेच झाड बुटकं, पानं लहान, खाली आणलं की उंच. म्हणजे काही फरक निव्वळ जागेचे होते. पण डोंगरमाथ्यावरून आणलेली झाडं खालच्या बागेत लावली तरी त्यांचे काही गुण बदललेच नाहीत, ते वंशातूनच आलेले, आणि तरीसुद्धा ती खालच्या झाडांच्याच प्रजातीची. म्हणून नुसती उंची, पानाचा आकार, केसाळपणा, फुलाचा फिकटपणा एवढ्यावर नवीन प्रजाती उभी करायची नसते. फुलाच्या रचनेतला फरक हवा, आणि एकापेक्षा जास्त, आणि पुष्कळ झाडांत सारखा दिसणारा. एका झाडाची शेपटी दुभंगलेली आहे की कड्यावरच्या सगळ्यांची, हे तुम्ही लिहिलेलं नाही, ते बघायला हवं.

फोटोंचं म्हणाल तर शोध फोटोपासून सुरू होऊ शकतो. ब्राझीलमधली ड्रोसेरा मॅग्निफिका, किडे खाणारी दवबिंदूंची वनस्पती, चांगली दीड मीटरपर्यंत वाढते, तिचा फोटो एका हौशी माणसाने फेसबुकवर टाकला होता आणि तो बघून जाणकारांना कळलं की हे काहीतरी वेगळंच आहे. २०१५ मध्ये ती रीतसर नवीन प्रजाती म्हणून प्रसिद्ध झाली. पण त्यासाठी संशोधक स्वतः त्या डोंगरावर गेले, नमुने घेतले, जवळच्या प्रजातींशी ताडून पाहिले. फोटोचं काम त्यांना तिथवर न्यायचं.

आता तेरड्याचं. ताजं फूल घेऊन ओल्या काळ्या कागदावर सुईने आणि चिमट्याने एकेक भाग सोडवायचा. बाजूची निदलं (पाकळ्यांच्या बाहेरची दलं) अगदी बारीक, बहुतेकांत दोन आणि काहींत चार, ती मोजायची आणि भिंगातून बघायची. मागचं पिशवीसारखं निदल, ज्याची पुढे शेपटी होते, ते आडवं ठेवून मापायचं. वरची पाकळी पाठीमागून बघायची कारण कणा आणि त्यावरचं टोक तिकडे असतं. बाजूच्या पाकळ्या दोन-दोन जोडलेल्या, त्या हलक्या हाताने पसरवायच्या, वरचा खंड आणि खालचा खंड ह्यांचा आकार प्रत्येक प्रजातीत वेगळा येतो. पाच पुंकेसर माथ्याशी जुळून बीजांडकोशावर टोपी घातल्यासारखे बसलेले असतात, काही काळाने ती टोपी अख्खी गळते आणि मग स्त्रीकेसराचं तोंड मोकळं होतं, म्हणून टोपी असलेलं आणि टोपी गळलेलं अशी दोन्ही फुलं हवीत. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून सगळ्याचा फोटो. हे ताज्या फुलातच नीट होतं. वाळलेल्या तेरड्याच्या पाकळ्या कागदाला आणि एकमेकींना अशा चिकटतात की भिजवूनही सुटता सुटत नाहीत. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरने आयुष्याची शेवटची वर्षं ह्याच जीनसवर घालवली, नव्वदी उलटल्यावरही तो वाळकी फुलं भिजवून सोडवत बसायचा, आणि त्याच्या त्या कामाशिवाय आजही आपलं पान हलत नाही.

मृद्गंधा:

खोडपान ह्यांनी झाडाचं छान सांगितलंय, मी पुढचं सांगते. माझं काम हर्बेरियममध्ये, म्हणजे कागदावर चिकटवलेल्या वाळक्या झाडांच्या संग्रहात असतं त्यामुळे थोडं लांबेल.

कडाकपारी, डीएनएचा उपयोग आहेच पण तो तुलनेचा. तुमच्या झाडाच्या डीएनएचा क्रम कशाशी ताडणार? डोंगरातल्या दुर्मिळ प्रजातींपैकी अनेकांचे क्रम कोणत्याच डेटाबेसमध्ये नसतात, मग "जुळलं नाही" ह्याचा अर्थ नवीन असाही होतो आणि आजवर कोणी तपासलेलंच नाही असाही. शिवाय डोंगरात प्रजाती पुष्कळदा फार लवकर फुटतात. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतांत ल्युपिनस ह्या फुलझाडांच्या जीनसच्या ८० च्या वर प्रजाती गेल्या सुमारे १५ ते २० लाख वर्षांत झाल्यात, म्हणजे काल-परवा म्हणा ना, अशा ठिकाणी नेहमीचे बारकोडचे तुकडे, म्हणजे ओळख पटवायला वापरतात ते डीएनएचे ठरलेले छोटे भाग, दोन प्रजातींत अगदी सारखेही निघतात आणि झाडं मात्र समोरासमोर ठेवली तर उघड वेगळी असतात. ह्याउलट दिसायला जुळी पण आतून दूरची अशीही उदाहरणं आहेत. म्हणून रचना, डीएनए, फुलण्याचा काळ, उंची, कोणासोबत वाढतं, हे सगळं एकाच बाजूला बोट दाखवत असेल तर निष्कर्ष टिकतो. एक पान सिलिका जेलमध्ये कोरडं करून ठेवा, पुढेमागे लागेल.

"नवीन आहे" हे कोणी एक समिती बसून ठरवत नाही. जो माणूस त्या गटाचा अभ्यास करतो तो आपलं म्हणणं पुराव्यासकट छापतो, छापायच्या आधी त्याच गटातले इतर लोक ते तपासतात, आणि छापल्यानंतरही दुसरा कोणी येऊन म्हणू शकतो की हे अमुक जुन्या नावाचंच झाड आहे. तसं सिद्ध झालं तर जुनं नाव राहतं, नवं नाव त्याखाली जातं. नावांच्या बाबतीत १ मे १७५३ ही सुरुवात धरतात, त्या दिवसापासून आजपर्यंत त्या जीनसमध्ये दिलेलं प्रत्येक नाव तपासावं लागतं, अगदी जे आता कोणी वापरत नाही तेसुद्धा. खरा वेळ इथे जातो. प्रत्येक नावाचं मूळ वर्णन काढायचं, मग त्या नावाचा टाइप बघायचा. टाइप म्हणजे हर्बेरियममधली ती एक विशिष्ट शीट जिला ते नाव कायमचं बांधलेलं असतं. वर्णनात चूक असू शकते, चित्रात चूक असू शकते, पण वाद आला की शेवटी ती शीट काढून बघतात. पुष्कळशा शीट आता हाय रिझोल्यूशनमध्ये ऑनलाइन दिसतात, तरी तेरड्यासारख्या नाजूक फुलाला प्रत्यक्ष शीट मायक्रोस्कोपखाली बघण्याला पर्याय नाही.

आणि कित्येकदा नवीन प्रजाती हर्बेरियमच्या कपाटातच असते. २०१० मध्ये ह्यावर एक अभ्यास आला होता, नव्या वर्णन झालेल्या प्रजातींपैकी फक्त १६ टक्क्यांचं वर्णन पहिला नमुना गोळा झाल्यापासून पाच वर्षांत झालं होतं आणि जवळजवळ पाव हिश्शात ५० वर्षांहून जुने नमुने होते. नेपाळमधली पिवळी मेकोनॉप्सिस ऑटमनॅलिस घ्या, खसखशीच्या कुळातली, १९६२ साली गोळा झाली, १९९४ मध्ये परत कोणीतरी आणली, दोन्ही वेळा ती वेगळी आहे हे ध्यानात आलं नाही, नाव मिळालं २०११ मध्ये. ती मोसमात उशिरा फुलते, बहुतेक लोक ज्या महिन्यात डोंगरावर जातात त्यात ती फुलतच नाही. मला ह्या उदाहरणाबद्दल फार आत्मीयता आहे, कारण पर्वतांत अजून जे सापडायचंय त्यातलं पुष्कळसं असंच अवेळी फुलणारं आणि अडचणीच्या जागी असणारं आहे. जगभरात दरवर्षी साधारण दोन हजार नव्या वनस्पतींचं वर्णन होतं, तेव्हा तुमच्या शंकेत वावगं काहीच नाही.

प्रसिद्ध करण्याचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत. लॅटिन नाव, वर्णन किंवा जवळच्या प्रजातीपेक्षा वेगळेपण सांगणारा मजकूर, टाइप नमुना आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवलाय ते. वर्णन पूर्वी लॅटिनमध्येच करावं लागायचं, १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीतही चालतं, आणि तेव्हापासूनच आयएसएसएन किंवा आयएसबीएन (जर्नलचा किंवा पुस्तकाचा नोंदणी क्रमांक) असलेलं ऑनलाइन पीडीएफही चालतं. पोस्टमध्ये, ग्रुपवर किंवा इथल्यासारख्या धाग्यावर कोणी नाव देऊन टाकलं तर त्याला शून्य किंमत, उलट घोळ होतो, म्हणून कृपा करून कोणीही गमतीनेसुद्धा ह्या झाडाला लॅटिन नाव देऊ नका. स्वतःचं नाव स्वतः देण्यावर नियमाने बंदी नाही पण कोणी देत नाही. तुमचं नाव द्यावं असं वर्णन करणाऱ्याला वाटलं तर तो देईल.

रानवाट:

दोघांचेही मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. दुभंगलेली शेपटी फोटोतल्या सगळ्या फुलांत दिसतेय, आत्ताच एकेक करून मोठं करून बघितलं, पण ती सगळी एकाच कड्यावरची आहेत. आता दोन गोष्टी सतावतायत. नमुना लागतो हे कळलं पण झाडं थोडीच आहेत, उपटायला हात धजत नाही आणि परवानगीचंही मला काही माहीत नाही. दुसरं, ग्रुपवर फोटो टाकताना मी जागेचं नाव लिहिलंय, त्यात काही वाईट झालंय का?

सोनकी:

जागेचं नाव आजच काढा, फोटोतल्या जीपीएससकट. हे मी जरा कळकळीने सांगतेय. पेरूमध्ये फ्रॅग्मिपेडियम कोवाची हे मोठ्या जांभळ्या फुलाचं ऑर्किड २००२ मध्ये जगापुढे आलं. अमेरिकेतल्या एका ऑर्किडवाल्याने ते तिथे रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून घेतलं, आवश्यक परवान्याशिवाय देशाबाहेर नेलं आणि तिकडेच त्याचं वर्णन झालं. पुढे खटला झाला, शिक्षा झाल्या, पण तोवर गोळा करणारे त्या डोंगरांत पोहोचले होते आणि माहीत झालेल्या जागांवरची झाडं भराभर ओरबाडली गेली. तेरड्याला ऑर्किडइतका भाव नसला तरी एका कड्यावरचं झाड संपायला व्यापारी लागत नाही, फोटोसाठी वर चढणारे हौशी लोकसुद्धा पुरतात, ओल्या खडकावरची दोन बोटांची माती एका पायाने घसरते. अशा प्रजातींच्या पेपरमध्येही आता जागेचे नेमके आकडे पुष्कळदा मुद्दाम देत नाहीत, तालुक्यापर्यंत किंवा डोंगराच्या नावापर्यंतच ठेवतात.

परवानगीबाबत आडवाट नको. प्रत्येक देशाचे नियम वेगळे, राखीव जंगल असेल तर वनखात्याची लेखी परवानगी, आणि नमुना किंवा डीएनए देशाबाहेर जाणार असेल तर त्याचे वेगळे कायदे, नागोया करारापासून, म्हणजे जैविक संपत्तीच्या वापराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारापासून, ते अधिकच कडक झालेत. तुम्ही एकट्याने काही गोळा करू नका. ज्यांच्याकडे आधीच परवानगी असते अशा त्या गटावर काम करणाऱ्या संशोधकाला सोबत घ्या, झाड तुम्ही दाखवा.

आणि एक, त्या डोंगरात गुरं चारणाऱ्या लोकांना विचारा. शास्त्राला नवीन असलेलं झाड त्यांच्या रोजच्या ओळखीचं असू शकतं, ते कोणत्या महिन्यात येतं, आणखी कुठल्या घळीत दिसतं, जनावरं खातात का, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांनी दाखवलेली दुसरी जागा सापडली तर प्रजातीचं संरक्षण आणि अभ्यास दोन्ही सोपं होतं. फक्त पेपरमध्ये त्यांचे आभार त्यांच्या नावानिशी मानले जातील एवढं आधीच बोलून घ्या, अर्थात त्यांची तयारी असेल तर.

मृद्गंधा:

सोनकी ह्यांच्याशी शंभर टक्के सहमत. नमुन्याबद्दल सांगते, फार झाडं लागत नाहीत. थोडीच असतील तर कंद आणि मूळ जागेवर ठेवून फुलाफळांचा दांडा आणि एक पान घेतलं तरी टाइप होऊ शकतो, काही फुलं ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत, म्हणजे पाकळ्यांचा आकार टिकतो. त्याच वेळी गोळा केलेला जोड नमुना असेल तर तो दुसऱ्या हर्बेरियमला देतात, एका इमारतीला आग लागली तर सगळं जाऊ नये म्हणून, बर्लिनचं हर्बेरियम १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात जळालं आणि असंख्य टाइप कायमचे गेले. पण झाडं कमी असतील तर जोड नमुन्याचा हट्ट कोणी धरणार नाही. फक्त फोटो टाइप म्हणून द्यायची मुभा फुलझाडांना नाही, म्हणून एक तरी खरा नमुना लागतोच.

कडाकपारी:

माझ्या पहिल्या उत्तरापेक्षा हे सगळं बरंच पुढचं आहे, वाचून शिकायला मिळालं. एक शंका, संशोधक यायला वर्षभर लागलं तर तोवर रानवाटनी नुसतं बसून राहायचं का?

खोडपान:

मुळीच नाही, उलट जो माणूस एकाच जागी पुन्हापुन्हा जाऊ शकतो तो संशोधकाला दुर्मिळ असतो. रानवाट, झाडाला हात न लावता करण्यासारखं पुष्कळ आहे. पहिली कळी कधी, शेवटचं बोंड कधी, फुलांवर कोण येतं, मधमाशी की लांब सोंडेचं फुलपाखरू की पतंग, एवढ्या लांब शेपटीच्या तळाशी मध असेल तर तिथवर कोणाची सोंड पोहोचते, हे अजून कोणालाच माहीत नाही. कड्यावरची झाडं दुर्बिणीतून मोजता येतात. त्याच उंचीचे, त्याच दिशेला तोंड असलेले, तसेच पाझरणारे शेजारचे कडे बघा आणि जिथे नाही मिळालं तेही लिहून ठेवा, कारण लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, प्रजातीला धोक्याचा कोणता दर्जा द्यायचा हे ठरवताना किती जागा आहेत आणि किती शोधून झाल्यात हे दोन्ही लागतं. पाऊस संपल्यावर पानं वाळतात का आणि खाली कंद राहतो का, हेही फक्त परत जाणाऱ्यालाच दिसतं.

वहीत रंग लिहा, वास असला तर वास लिहा, कारण शीटवर ह्यातलं काहीच उरत नाही. उंची, खडक कुठला, पाणी वाहतं की ठिबकतं, सोबत कोणती शेवाळं आणि गवतं, सगळं तारखेसकट आणि तिथल्या तिथे, घरी आल्यावर आठवून नाही.

आणि ह्या गटावर सध्या कोण काम करतंय ते शोधायला सोपं आहे, मागच्या काही वर्षांत इम्पेशन्सच्या नव्या प्रजाती ज्या पेपरमध्ये आल्यात ते उघडा, पत्रव्यवहाराचा ईमेल पहिल्या पानावरच असतो. चार ओळींचं पत्र, सोडवलेल्या फुलाचा फोटो नसला तरी बाजूने काढलेला आणि शेपटीचा जवळून काढलेला फोटो, पानाचा पुढून-मागून फोटो, उंची आणि महिना. जागा पत्रात नको, त्यांचं उत्तर आलं की फोनवर सांगा.

रानवाट:

जागेचं नाव काढलं, ग्रुपवरच्या मंडळींनाही विनंती केलीय. पेपर उघडून बसलोय, दोन नावं मिळालीत. बाजूने काढलेले फोटो आहेत, पानाच्या मागचा नाही, तो पुढच्या खेपेला काढतो. पत्राला उत्तर आलं की इथे कळवतो, जागा सोडून.